माल शून्य, गोदामभाडं चालू

नागपुरातल्या कळमन्याच्या मार्केट यार्डात दिवाणजीला दोन गोष्टींचा माज असतो. एक, माझ्या वहीत खाडाखोड नसते. दोन, मला पावकी-निमकी-दिडकी अजून तोंडपाठ आहे. मला तिसराही होता. मला कॉम्प्युटर येतो, असा बाजारात बोभाटा होता आणि तो मीच केलेला होता. त्याचा पाया एवढाच, की १ जुलै २०१७ ला जीएसटी लागला तेव्हाच्या गोंधळात आमच्या ओळीत रिटर्नचा पासवर्ड न विसरलेला दिवाणजी मी एकटा निघालो. तेव्हापासून कोणाचा प्रिंटर अडला, कोणाचं आधार मोबाइलला जोडलं जाईना, की चहावाला पोट्टा मला बोलवायला यायचा. मी जायचो, गंभीर चेहऱ्यानं मशीन बंद करून चालू करायचो, "सर्व्हर डाऊन होता" म्हणायचो आणि चहा पिऊन परत यायचो. एवढ्या भांडवलावर माणूस बाजारात बरीच वर्षं काढू शकतो.

यार्डाच्या पाटीवर पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्ड असं नाव आहे. तोंडी सगळे कळमनाच म्हणतात. धान्य, आलू-कांदे, संत्री यांचे वेगवेगळे भाग आहेत. आमचा गाळा मिरचीचा. हंगामात तेजाचे आणि भिवापुरीचे ढीग लागले की हवेलाच तिखट चढतं. मिरचीच्या यार्डात नवखा माणूस ओळखायला चेहरा पाहावा लागत नाही, ठसका ऐकला की कळतं. आमचा कॉम्प्युटरही त्या हवेत जगलेला. त्याच्या पंख्यातून जी लाल धूळ निघते ती पाहून एका दुरुस्तीवाल्यानं मला विचारलं होतं, "काका, यात तुम्ही मसाला दळता का?"

तर एके दिवशी शेठ गादीवरून म्हणाले, "दिवाणजी, कागद हाय, मिरची हाय, वायर हाय. कधी ना कधी पेटनच."

मी म्हटलं, विमा आहे.

"मालाचा हाय. वह्यांचा हाय का?"

शेठच्या आजोबांची पेढी इतवारीत होती. तेव्हापासूनच्या खातेवह्या गाळ्यातल्या लोखंडी कपाटात आहेत. लाल कापडी बांधणीच्या, लांबोड्या, पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक असलेल्या. त्यात कुही-मांढळच्या कास्तकारांची नावं आहेत, त्यांच्या बापांची आहेत, आणि कोणाकडून किती येणं राहिलं तेही आहे. वसूल आता काहीच होणार नाही, पण शेठ अधूनमधून ती पानं उघडून बघतात आणि त्यांना बरं वाटतं.

"नात म्हणते, हे सगळं क्लाउडवर चढवून ठेवा," शेठ म्हणाले. "तुम्हाले तं येते नं?"

"येते," मी म्हणालो. आजूबाजूला चार लोक बसले होते. दुसरं काय म्हणणार?

बर्डीवरून ए-थ्री आकाराचा स्कॅनर भाड्यानं आणला. दुकानदारानं विचारलं, किती डीपीआयवर करणार? मी उलट विचारलं, जास्तीत जास्त किती? तो म्हणाला सहाशे. मग सहाशेच, आजोबांच्या वहीच्या बाबतीत काटकसर कशाला? रंगीत पण पाहिजे, आणि दाबून लहान केलेली जेपेग नको, अस्सल टिफ पाहिजे. दोन पानं उघडी ठेवली की वही जवळपास ए-थ्री होते. तो कागद ६०० डीपीआयला म्हणजे ७,०१६ गुणिले ९,९२१ ठिपके, आणि दर ठिपक्याला रंगाचे ३ बाइट. गुणाकार केला तर एका उघड्या जोडपानाचे सुमारे २०९ एमबी होतात. हा गुणाकार मी नंतर केला. आधी मी फक्त पडद्यावरचं चित्र मोठं करकरून बघत होतो. कागदाच्या रेषा दिसत होत्या, मिरचीच्या बियेचा पिवळट डाग दिसत होता, एका नोंदीपाशी शाई फुटलेली दिसत होती. मी शेठला बोलावून ती शाई दाखवली. शेठनी शाईकडे न बघता नोंद वाचली आणि म्हणाले, "हा बुडवून गेला होता."

एका वहीची तीनशे जोडपानं झाली. सगळी मिळून एकच मोठी फाइल बांधली. ती भरली ६२ जीबी.

"एका वहीचे?" शेठनी विचारलं.

"एका वहीचे."

शेठनी कपाटाकडे पाहिलं. मीही पाहिलं. दोन फळ्या गच्च होत्या.

क्लाउडवाल्या कंपनीचं नाव सांगत नाही, तिचा यात काही दोष नाही. तिचे नियम अमेझॉनच्या एस-थ्रीच्या साच्यातले होते. एस-थ्री १४ मार्च २००६ ला सुरू झालं आणि त्याची बोलायची रीत इतकी रुळली, की नंतरच्या बऱ्याच कंपन्यांनी आपली दुकानं त्याच रीतीची मांडली. मी आधी त्यांच्या वेबसाइटवर जाऊन फाइल माउसनं ओढून चौकटीत सोडली. एक निळी पट्टी इंचभर सरकली. रात्री गाळा बंद करून गेलो, सकाळी येऊन पाहतो तर पडद्यावर लॉगिनची पाटी. पट्टी कुठवर गेली होती याचा काही मागमूस नाही.

भाचा पुण्यात हिंजवडीला असतो. त्याला फोन लावला.

"मामाजी, एवढी मोठी फाइल ब्राउझरमधून कोण टाकते? एपीआयनं करा. मी तुम्हाला एक छोटं टूल देतो."

एपीआय म्हणजे वेबसाइटची चित्रं आणि बटणं बाजूला ठेवून एका प्रोग्रामनं दुसऱ्या प्रोग्रामशी ठरलेल्या शब्दांत थेट बोलायची सोय. मला त्यातलं आवडलं ते वेगळंच. या टूलला खिडकी नव्हती, बटण नव्हतं. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. सिनेमात चोर बँक फोडताना असाच पडदा असतो. तो पडदा आमच्या गाळ्यात लागला आणि माझी इभ्रत एका दुपारीत चौपट झाली. शेजारच्या गाळ्याचे दिवाणजी, जे माझ्याशी दोन वर्षं बोलत नव्हते, ते काडीपेटी मागायच्या निमित्तानं येऊन पाहून गेले. ते विडी ओढत नाहीत.

मग अडचणी सुरू झाल्या. पहिली किल्लीची. एपीआयला पासवर्ड नसतो, किल्ल्यांची जोडी असते. त्यातली गुप्त किल्ली चाळीस अक्षरांची असते आणि कंपनी ती एकदाच दाखवते, पुन्हा विचारलं तर नवी करून देते, जुनी दाखवत नाही. दुसरा कोणी असता तर कॉपी करून फाइलमध्ये चिकटवली असती. मी दिवाणजी. मी काट्याच्या चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूवर निळ्या शाईनं लिहून घेतली. माझं अक्षर वळणदार आहे, बाजारात त्याचं कौतुक होतं, आणि त्या वळणापायी शून्य कोणतं आणि ओ कोणता, एक कोणता आणि एल कोणता, हे मलाच कळेना. सर्व्हर दर वेळी म्हणे, सही जुळत नाही. आयुष्यभर लोकांच्या सह्या तपासणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं.

नवी किल्ली केली, तीही चिकटवून ठेवली, तरी नकार. यावेळी कारण वेगळं होतं: तुमच्या मागणीची वेळ आणि आमची वेळ यांत फार फरक आहे. हे कोडं सुटायला बराच वेळ गेला, आणि त्याचं उत्तर माझ्या डोक्यावर भिंतीला टांगलेलं होतं. आमच्या गाळ्यातलं घड्याळ वीस मिनिटं पुढे आहे. ते चुकून नाही. शेठच्या वडिलांनी ते पुढे केलं, म्हणजे माणसं लिलावाला वेळेत पोचतील. सगळ्यांना ते ठाऊक आहे, सगळे मनातल्या मनात वीस वजा करतात आणि उशिरानंच येतात. कॉम्प्युटर नवा आला तेव्हा त्याचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी मीच जुळवलं होतं, कारण एका गाळ्यात दोन वेळा असू नयेत. एपीआयच्या प्रत्येक मागणीवर वेळेचा शिक्का असतो आणि पंधरा मिनिटांपेक्षा जास्त तफावत असली तर ती फेटाळली जाते, कोणी जुनी मागणी चोरून पुन्हा वापरू नये म्हणून.

मी शेठना म्हटलं, घड्याळ मागं करावं लागेल.

"भिंतीवरचं?"

"नाही, कॉम्प्युटरचं."

"मंग करा. पण भिंतीवरच्याले हात लावू नका. बाबांचं हाय."

आता गाळ्यात दोन वेळा आहेत. पावतीवर एक छापली जाते, माणसं दुसरी बघतात. यावरून एका कास्तकारानं मला लबाड ठरवलं, पण तो विषय इथे नको.

एवढं झाल्यावर फाइल पाठवली आणि ती तिथल्या तिथं परत आली. एका दमात ५ जीबीहून जास्त घेतलं जात नाही. भाचा म्हणाला, "असंच असते. तुकडे करून पाठवायचे. मल्टिपार्ट म्हणतात." ही सोय एस-थ्रीनं नोव्हेंबर २०१० मध्ये आणली. ती त्यानं मला फोनवर इंग्रजीतून समजावली, मला काही उमगलं नाही. मी "हो हो" म्हटलं आणि मग तेच आमच्या हमालाला माझ्या भाषेत समजावताना मला समजलं.

ट्रक आहे, त्यात माल आहे. सगळा ट्रक उचलून कोणी गोदामात नेत नाही, कट्टे करून नेतात. प्रत्येक कट्ट्यावर नंबर घालायचा. कट्टा पोचला की गोदामवाला त्याची पावती देतो. कट्टे मागंपुढं पोचले तरी हरकत नाही, चार हमाल चार कट्टे एकदम नेऊ शकतात, कारण शेवटी नंबराप्रमाणे लावायचे आहेत. वाटेत एखादा पडला तर तेवढाच परत पाठवायचा. सगळे पोचले की सगळ्या पावत्यांची यादी करून गोदामवाल्याला द्यायची आणि म्हणायचं, माल पूर्ण. तेव्हा तो सगळे कट्टे एक करून तुमच्या नावे चढवतो. तोवर तुमच्या खात्यावर काही नाही.

"म्हणजे हिशेबाची पट्टी फाडल्याशिवाय सौदा नाही," हमाल म्हणाला.

"बरोबर."

"मंग हे तं आपलंच हाय. यात शिकाचं काय?"

भाच्यानं टूलमध्ये एका कट्ट्याचं माप ६४ एमबी ठेवलं होतं. आमच्या लाइनवर ते जाईना. इंटरनेटच्या पॅकेजवर ४० लिहिलेलं आहे, ते उतराईचं. भराईचं पाहिलं तर ५. आणि ते पाचही मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे आठानं भागा. सेकंदाला जेमतेम ०.६ एमबी. मणाचे भाव सांगून शेरानं मोजून देणारा व्यापारी आमच्या बाजारात एक दिवस टिकायचा नाही, पण इथे सगळा देश हे मुकाट घेतो. ६२ जीबी चढायला न थांबता २८ तास लागले असते, आणि आमची लाइन न थांबता अर्धा तास चालली तरी आम्ही एकमेकांना सांगतो. पावणेदोन मिनिटांत एक कट्टा जायचा, मध्येच लाइन तुटली की तो अख्खा वाया.

हमाल मागून बघत होता. म्हणाला, "दिवाणजी, शंभरचं पोतं पडलं तं शंभर किलो सांडते. पन्नासचा कट्टा पडला तं पन्नासच. तुम्ही एवढालं काहून उचलून राह्यले?"

यावर कोणाला उत्तर सुचलं असतं? हमालांच्या पाठीवरचं शंभर किलोचं पोतं पन्नासवर यायला किती भांडणं झाली हे मी पाहिलेलं आहे. त्यांच्या कामाच्या नियमनासाठी महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे. यंत्राच्या पाठीवरचं ओझं मी एका ओळीत उतरवलं: ६४ पुसून ५ लिहिलं. पाचाच्या खाली शेवटचा तुकडा सोडून बाकीचे घेतच नाहीत, नाही तर मी एक केलं असतं. भाच्याला विचारलं नाही. पोरं उगाच कामात असतात, आणि शिवाय मला आता येत होतं.

आणि कामानं वेग घेतला. आठ-साडेआठ सेकंदांत एक कट्टा, समोर पांढरा आकडा, त्यापुढे पावतीची अक्षरं. लाइन गेली की टूल थांबे, परत आली की त्याच नंबरावरून पुढे. वीज गेली तरी पावत्यांची यादी डिस्कवर लिहिलेली. बाजारात ही बातमी पसरली. दुपारी लिलाव संपला की माणसं आमच्या गाळ्यात येऊन काळा पडदा बघत उभी राहू लागली. खर्रा घोटत, एकमेकांच्या खांद्यावरून. क्रिकेट असतं तर कंटाळली असती; इथे दर आठ सेकंदांनी एक धाव निघत होती आणि कोणी आउट होत नव्हतं.

बोली लावायची कल्पना मापाऱ्याची. चार हजारांच्या आसपास आकडा होता. त्यानं पालथ्या घमेल्यावर उभं राहून आरोळी दिली, "किती नंबरावर अडते, बोला!"

"साडेचार!"

"पाच!"

"पाच हजार सातशे!" हे शेजारचे दिवाणजी, काडीपेटीवाले.

मी खुर्चीतून उठलो. म्हटलं, अडणार नाही. पुऱ्या वहीचे बारा हजारांच्या आतबाहेर कट्टे होतात, सगळे जातील. अडलं तर ज्याचा आकडा जवळ, त्याला आणि त्याच्याबरोबरच्या सगळ्या हमालांना तर्री-पोहे माझ्याकडून. अशी वाक्यं माणूस खुर्चीत बसून बोलत नाही, त्याला उभंच राहावं लागतं.

बोली आठ हजारांवर चढली आणि थंडावली. शेवटी मापारी स्वतः म्हणाला, "दहा हजार."

"दहाच काहून?"

"दिवाणजी, नंबरवार पावतीपुस्तक हाय नं? मंग कधी तं सरनच."

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

पाच हजार सातशेचा कट्टा गेला तेव्हा मी शेजारच्या गाळ्यात जाऊन काडीपेटी परत दिली. आठ हजार गेले. नऊ गेले. दहा हजार जवळ आले ती रात्रीची वेळ होती. शेठ घरी गेलेले, गाळ्यात मी, मापारी, हमाल आणि कट्ट्यांवर झोपलेलं एक मांजर. कळमना स्टेशनच्या बाजूला एक मालगाडी सिग्नलसाठी शिट्या देत उभी होती. ९,९९८ गेला. ९,९९९ गेला. १०,००० गेला, पावती आली. मापाऱ्यानं मान खाली घातली. मी त्याच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला.

१०,००१ वर लाल अक्षरं आली. भागाचा क्रमांक १ ते १०,००० यांच्या दरम्यानचा पूर्णांक असावा.

"काय म्हणते?" मापाऱ्यानं विचारलं.

मी लगेच सांगितलं नाही.

नियम फारच साधा आहे आणि पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलेला आहे. एका मालाचे जास्तीत जास्त १०,००० भाग. कट्टा ५ चा घेतला तर पाच गुणिले दहा हजार, पन्नास हजार एमबी, म्हणजे सगळे मिळून पन्नास जीबी. माझी वही बासष्टची. बासष्टला कमीत कमी सहा-सात एमबीचा कट्टा पाहिजे होता. भाच्यानं ६४ घातले होते ते उगाच नव्हते. पावणेदोन टक्क्यांनी सात महिने अकरा दिवसांचं व्याज मी तोंडी सांगतो. आणि पाच दाहे पन्नास? ते दुसरीतलं पोरगं सांगते.

भाचा फोनवर आधी गप्प राहिला आणि मग फार प्रेमानं बोलला, तेच जास्त लागलं. "मामाजी, आरक्लोनसारखं तयार टूल फुकट मिळते, ते फाइल बघून तुकड्याचं माप आपणच वाढवते. मी तुमच्यासाठी साधं बनवलं, कारण तुम्ही म्हणाले होते की मला सेटिंग्ज आपल्या हातात पाहिजे."

इथवर गोष्ट गाळ्यात राहिली असती. पण महिना संपला आणि बिल आलं.

रक्कम मोठी नव्हती. शेठ एका वेळी त्याहून जास्त पैसे चहात घालवतात. पण शेठनी बिल वाचलं, आणि व्यापारी बिल वाचतो तेव्हा रकमेवर नंतर येतो. आधी पाहतो, कशाचं?

"दिवाणजी, आपला किती माल हाय तिथे?"

मी खातं उघडून दाखवलं. रिकामं. एकही फाइल नाही.

"माल नाही?"

"नाही."

"मंग हे भाडं कशाचं?"

ते कट्टे तिथंच पडून होते. दहा हजार ते, शिवाय ६४ च्या मापाचे आधीच्या प्रयत्नातले अर्धवट, आणि एक-दोन वेळा मी टूल नव्यानं सुरू केलं होतं तेव्हाचेही. पट्टी फाडली नाही म्हणून माल माझ्या नावे चढला नाही, पण गोदामात जागा तर त्यानं अडवलीच होती. हा माल नेहमीच्या यादीत दिसत नाही. अर्धवट राहिलेलं काय काय आहे हे वेगळं विचारावं लागतं. न विचारता आपोआप साफ करायचा नियम लावून ठेवता येतो, अमक्या दिवसांत पूर्ण झालं नाही तर टाकून द्या असा. पण तोही आपणच लावायचा. मी हे सगळं शेठना सांगितलं. शेठ माझ्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षं ते कास्तकारांना समजावत आले आहेत, की पट्टी झाल्याशिवाय पैसे नाहीत आणि माल पडून राहिला तर भाडं लागतं. पलीकडच्या बाजूला बसून ऐकायचा त्यांचा हा पहिलाच प्रसंग.

"याच्यापेक्षा ट्रकनं पाठवला असता," ते म्हणाले.

हे ते रागानं बोलले, पण अमेझॉननं खरोखर ट्रक काढला होता. २०१६ मध्ये लास व्हेगासला त्यांच्या मेळाव्यात पंचेचाळीस फुटी कंटेनरचा एक ट्रक थेट मंचावर आणून उभा केला. स्नोमोबाइल त्याचं नाव. ज्यांच्याकडे तारेतून जाणार नाही एवढा माल आहे त्यांच्या दारात तो ट्रक लागायचा, १०० पेटाबाइटपर्यंत माहिती भरून घ्यायचा आणि रस्त्यानं न्यायचा. २०२४ मध्ये त्यांनी तो बंद केला. हे सांगितल्यावर शेठ थोडे शांत झाले. जगातला सगळ्यांत मोठा क्लाउडवाला ट्रक लावतो म्हणजे धंदा आपल्या ओळखीचा आहे, असं काहीसं त्यांना वाटलं असावं. त्यांनी विचारलं, "भाडं किलोमीटरनं की वजनानं?"

हमालाला मी कबुतराची गोष्ट सांगितली. २००९ च्या सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेत डर्बनकडे एका कंपनीनं विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला ४ जीबीचं मेमरी कार्ड बांधून सोडलं. सुमारे ऐंशी किलोमीटर तो तासाभरात उडून गेला. कार्डावरचा माल उतरवून घेण्यासकट दोन तासांच्या वर थोडा वेळ लागला, आणि तेवढ्यात तारेतून फक्त चार टक्के गेलं होतं. हमालानं धान्याच्या यार्डाकडे पाहिलं. तिथे कबुतरं हजारांनी आहेत, दिवसभर गहू खातात आणि कोणाच्या कामाची नाहीत. "एकेकाले कामाले लावू का?" तो म्हणाला. त्या आठवड्यात मला मिळालेला हा एकमेव व्यवहार्य सल्ला होता.

वह्या शेवटी गेल्या, आणि फारच लवकर गेल्या. शेठच्या नातीनं दिवाळीच्या सुटीत येऊन मोबाइलनं पानांचे फोटो काढले, दीड-दीड एमबीचे. अक्षर स्पष्ट, रक्कम स्पष्ट. अख्खी वही साडेचारशे एमबी झाली आणि चहा पिऊन होईस्तोवर चढली. मिरचीच्या बियेचा डाग त्यात दिसत नाही. मी तसं एकदा बोलून दाखवलं. त्यावर कोणी काही म्हणालं नाही.

राहिले ते अर्धवट कट्टे. ते टाकून द्यायची आज्ञा भाच्यानं मला लिहून पाठवली, मी ती तीनदा वाचून टाइप केली. पडद्यावर काहीच आलं नाही. नुसता रिकामा ठिपका लुकलुकत होता. फोन केला, तर म्हणे काम झालं, अशा वेळी सर्व्हर २०४ असा आकडा देतो, त्याचा अर्थ झालं आणि सांगण्यासारखं काही नाही.

"पावती?" शेठनी विचारलं.

"नाही देत."

"माल घेताना दर कट्ट्याले पावती, अन् फेकताना काहीच नाही?"

पुढच्या महिन्याचं बिल शून्य येईपर्यंत त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. आणि बिल शून्य आलं त्याच दिवशी मापारी सकाळी सगळ्या टोळीला घेऊन गेटाजवळच्या ठेल्यावर उभा होता. त्याच्याबरोबरचे हमाल, असं मी म्हटलं होतं; किती ते ठरवलं नव्हतं. धान्याच्या भागातलेही दोन-तीन ओळखीचे चेहरे दिसले, आणि काडीपेटीवाले दिवाणजीही एक प्लेट हातात धरून होते. ठेलेवाला तर्रीची पळी थांबवून मला म्हणाला, "दिवाणजी, किती प्लेटी लिहू?"

"लिही," मापारी म्हणाला, "पुस्तक सरेस्तोवर."